पाठाची सामुदायिक आखणी व निरीक्षण

पाठटाचण काढणे आणि दुसऱ्याचा पाठ पाहणे ही दोन्ही कामे प्राथमिक शिक्षकाच्या परिचयाची आहेत. अध्यापक विद्यालयात त्याने ती केलेली असतात. तेथे सरावपाठ होतात, टीकापाठ होतात, निरीक्षणवही घेऊन सहाध्यायी मागच्या बाकावर बसतात आणि पाठ संपल्यावर नोंदी वाचल्या जातात : फळ्यावरील ओळ तिरपी गेली, प्रश्न सर्व वर्गास न विचारता एकाच विद्यार्थ्यास विचारला, आवाजात चढउतार नव्हता. हर्बार्टच्या अनुयायांनी घालून दिलेल्या पंचपदीतील एखादे पद निसटले, तर तेही ऐकून घ्यावे लागते. प्रमाणपत्र हाती पडून नेमणूक झाली की हे सारे थांबते. पुढील तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेत शिक्षकाच्या वर्गात दुसरे प्रौढ मनुष्य येऊन बसते ते बहुधा तपासणीसाठीच, आणि जाताना शेरेबुकात चार ओळी लिहून जाते. पाठ पाहिला जाणे आणि स्वतःची परीक्षा होणे या दोन गोष्टी शिक्षकाच्या मनात एक होऊन बसतात, त्याचे मूळ येथे आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात या एकाकीपणाला भूगोलाचीही जोड मिळते. सह्याद्रीच्या उतारापासून खाडीच्या काठापर्यंत वस्ती वाड्यावाड्यांनी विखुरलेली आहे, आणि शाळाही वाडीच्या मागे गेलेली आहे. मंडणगडपासून राजापुरापर्यंतच्या नऊही तालुक्यांत द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आढळतात. पावसाळ्यात पऱ्ह्या भरून वाहू लागला की शेजारच्या वाडीतील शाळाही दूर पडते. त्यात घाटावरून आलेल्या नवीन शिक्षकाची भर घालावी. मुलांची बोली त्याच्या कानाला अनोळखी असते. दोन किंवा चार इयत्ता त्याच्या एकट्यापुढे बसलेल्या असतात. आणि काल शिकवलेली वजाबाकी आज निम्म्या वर्गाला का आली नाही, हे विचारावे असे माणूस त्याच्या आसपास नसते. असा शिक्षक निष्काळजी नसतो. तो रोजचे टाचण काढतो, परंतु ते कोणी वाचून त्यावर बोलत नाही; वाचले तर स्वाक्षरी होते.

शिक्षकांना एकत्र आणण्याचे प्रयत्न यापूर्वी झालेच नाहीत, असे म्हणता येणार नाही. गटसंमेलनांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातून पुढे आलेले जे. पी. नाईक होते, १९६६ च्या आपल्या अहवालात परिसरातील माध्यमिक व प्राथमिक शाळांचा समूह करावा आणि एकेकट्या शाळेचे एकाकीपण दूर करावे, अशी शिफारस केली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. १९९४ साली राज्य शासनाने सुमारे दहा शाळांचे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख अशी रचना केली, व तिच्यातून केंद्राची शिक्षण परिषद रूढ झाली. सारांश, एकत्र बसण्याची जागा व निमित्त ही दोन्ही उपलब्ध होती. उणीव राहिली ती एकत्र बसून करावयाच्या कामाची.

गटसंमेलनात काय होत असे, ते जुन्या शिक्षकांना आठवेल. एक आदर्श पाठ होई. तो देण्यासाठी तालुक्यातील नामांकित शिक्षक निवडला जाई. घटकही हमखास रंगणारा, साधने रंगीत, आणि मुले आदल्या दिवशी तयार करून बसवलेली. उपस्थित शिक्षक समाधानाने मान डोलावीत, आभारप्रदर्शन होई, चहा होई. पाठ खरोखरच उत्तम असे. पण वाडीतील आपल्या वर्गात परत गेलेल्या शिक्षकाला त्याचा उपयोग थोडा होई, कारण त्याला अडलेला प्रश्न त्या पाठात आलेलाच नसे. अलीकडचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे घेता येईल. तेथील शाळांतील ज्ञानरचनावादी अध्यापन पाहण्यास राज्यभरातून शिक्षक गेले, आणि २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात तर ही रीघ वाढली. दुसऱ्याचा वर्ग पाहण्यासाठी शिक्षक घराबाहेर पडले, ही गोष्ट मोलाची होय. तथापि परत आल्यावर अनेक ठिकाणी प्रथम काय झाले, तर वर्गाच्या फरशा रंगल्या. फरशीवरील चित्र उचलून आणता येते. ते काढण्यापूर्वी तेथील शिक्षकांनी आपसांत काय चर्चा केली असेल, ती उचलून आणता येत नाही.

या दृष्टीने जपानमधील एक जुनी प्रथा समजून घेण्यासारखी आहे. तेथे तिला 'जुग्यो केंक्यू' म्हणतात : जुग्यो म्हणजे पाठ, केंक्यू म्हणजे अभ्यास किंवा संशोधन. तिचा उगम मेजी काळात, म्हणजे १८६८ नंतरच्या दशकांत, देशभर नव्याने शाळा निघत असताना झाला. एका शाळेतील शिक्षक एकत्र येऊन एकच पाठ आखतात, त्यांपैकी एक जण तो शिकवतो, बाकीचे पाहतात, नंतर चर्चा होते, आणि पुष्कळदा टाचण दुरुस्त करून दुसरा शिक्षक तोच पाठ दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतो. जपानबाहेर या प्रथेची फारशी माहिती नव्हती. स्टिगलर व हीबर्ट या दोन अमेरिकन अभ्यासकांनी जर्मनी, जपान व अमेरिका येथील आठवीच्या गणिताच्या पाठांच्या चित्रफितींचा अभ्यास करून १९९९ मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हापासून तिची चर्चा इतर देशांत सुरू झाली. मराठीत अशा पाठाला 'अभ्यासपाठ' म्हणणे सोयीचे होईल. आदर्श पाठ अनुकरणासाठी दाखवला जातो. अभ्यासपाठ तपासण्यासाठी घेतला जातो, म्हणून तो फसला तरी वाया जात नाही.

अभ्यासपाठाची आखणी म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, एका केंद्रातील चार शिक्षकांनी इयत्ता दुसरीची दोन अंकी वजाबाकी निवडली, आणि तीही दशक सुटा करावा लागतो ती. शिक्षक ज्याला 'हातच्याची' किंवा 'उसन्याची' वजाबाकी म्हणतात, तीच ही. (उसना शब्द काही फारसा बरा नव्हे, शेजारच्या घरातून उसना घेतलेला एक परत कधी करावयाचा, हा प्रश्न चौकस मुलाला पडणारच.) पहिला शिक्षक म्हणतो, मुलांच्या परिचयाचे उदाहरण घ्यावे, आंब्याची पेटी घ्यावी. दुसरी शिक्षिका लक्षात आणून देते की हापूस डझनाने मोजतात. पेटी फोडली तर सुटे होतात ते बारा, आणि शिकवावयाचे आहे दहाचे सुटे करणे. येथे परिचयच आड येईल. मग दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सुचतात. तिसरा म्हणतो, दहाची नोट मोडून रुपया-रुपयाची नाणी घेणे हे त्याहून बरे, कारण एस.टी.त आणि दुकानात 'सुटे द्या' हे वाक्य मुले नित्य ऐकतात. सूचना चांगली, पण तिच्यातून एक नवीनच गोष्ट निघते. दुकानात अठ्ठावीस रुपये द्यावयाचे असता कोणी नोट आधी मोडत बसत नाही. दहाच्या तीन नोटा देतात आणि दोन रुपये परत घेतात. दुकानात जाणारे मूल वर्गातही हेच करील. ती चूक समजावयाची, की दुसरी रीत म्हणून फळ्यावर घ्यावयाची? याचा निर्णय पाठापूर्वी झालेला बरा. फळ्यापुढे उभे असताना तो घाईने होतो.

त्यानंतर प्रश्न येतो संख्यांचा. बाहेरच्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटेल. परंतु जपानी शिक्षक मुलांपुढे कोणत्या दोन संख्या ठेवाव्यात, यावर बराच वेळ देतात, आणि ते योग्यच आहे. समजा, प्रथम ६३ वजा २८ असे उदाहरण सुचले. उत्तर ३५. मुलांची नेहमीची चूक म्हणजे एककात तीनमधून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन वजा करणे. तसे केल्यास उत्तर ४५ येते. दुसरी चूक अशी की दशक सुटा करून तेरातून आठ वजा केले, पाच लिहिले, पण दशकाच्या घरातील सहाचे पाच करावयाचे राहिले. याही मुलाचे उत्तर ४५ च येते. म्हणजे एकाला दशक सुटा करण्याची कल्पनाच कळलेली नाही, दुसऱ्याला ती कळली असून नोंद राहून गेली आहे. दोघांची वही तपासणाऱ्याला मात्र एकच लाल फुली दिसते. आता ६३ ऐवजी ६२ घ्यावे. खरे उत्तर ३४. उलट वजाबाकी करणाऱ्याचे ४६ येईल, नोंद विसरणाऱ्याचे ४४. तीन मुलांची तीन उत्तरे. एका अंकाच्या बदलाने शिक्षकाला वहीवरून मूल ओळखता येऊ लागते. दोन एककांमधील फरक पाच असला म्हणजे ही अडचण नेहमीच उद्भवते, हे एकदा ध्यानात आल्यावर ते चौघे शिक्षक पुढे कोणतेही उदाहरण डोळे मिटून फळ्यावर लिहिणार नाहीत.

२८ च्या जागी २९ का घेऊ नये, असेही कोणी विचारील. येथे मराठी भाषा स्वतःच मध्ये बोलते. एकोणतीस म्हणजे एकाने ऊन तीस. संख्येच्या नावातच 'तीस वजा करा, एक मिळवा' ही सूचना दडलेली आहे. दुकानाची रीत पुढे यावी असा हेतू असेल तर २९ उत्तम. दशक सुटा करण्याकडे लक्ष वेधावयाचे असेल तर २८ बरे. दुसरीकडे आपल्या संख्यानामांत एकक आधी उच्चारला जातो. बासष्ट ऐकून काही मुले आधी दोन लिहितात व मग सहा, आणि २६ मधून २८ कसे वजा करावे या विवंचनेत पडतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ दोन' अशा वाचनाची जोड दिली गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतून व विधिमंडळात मोठा वाद झाला. त्यावेळी गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू मांडली होती. वादात कोणाचे बरोबर, हा येथे प्रश्न नाही. प्रश्न इतकाच की शिक्षकाने उदाहरण तोंडी सांगावयाचे की लिहून दाखवावयाचे. आणि या पाठात ते लिहून दाखवावे, तसेच तोंडी सांगताना 'बासष्ट, म्हणजे साठ आणि दोन' असे म्हणावे, असा निर्णय चौघांनी घेतला तर तो टाचणात लिहिला जावा.

अशा टाचणाला तीन रकाने पुरतात. पहिल्यात शिक्षकाने काय विचारावयाचे, शब्दशः. दुसऱ्यात मुले काय काय करतील, चुकीच्या रीतींसह. तिसऱ्यात त्या प्रत्येक वेळी शिक्षकाने काय करावयाचे. दुसरा रकाना हा या टाचणाचा प्राण होय. रोजच्या टाचणात तो सहसा रिकामाच राहतो किंवा 'विद्यार्थी उत्तरे देतील' एवढ्यावर भागते.

पाठाच्या दिवशी निरीक्षकांनी मागच्या बाकावर बसू नये. तेथून शिक्षकाचा चेहरा व मुलांच्या पाठी दिसतात, म्हणजे जे पाहावयाचे तेवढे सोडून बाकी सर्व दिसते. प्रत्येकाने तीन-चार मुले वाटून घ्यावीत, त्यांच्या बाजूला भिंतीलगत उभे राहावे, आणि मुलाची पेन्सिल पाहावी : प्रथम काय लिहिले, काय खोडले, किती वेळ थांबले, शेजाऱ्याच्या पाटीकडे केव्हा पाहिले, गठ्ठा सोडला की न सोडताच बोटांवर मोजले. मुलाला सांगू नये, सुचवू नये, मान हलवून होकारही देऊ नये. हे शिक्षकाला फार जड जाते. समोर चुकणाऱ्या मुलाला मदत न करणे त्याच्या स्वभावात नसते. परंतु त्या तासापुरते ते मूल पाठ देणाऱ्या शिक्षकाचे आहे. मोबाईलवर छायाचित्रे काढण्याचे कामही एकाकडेच सोपवावे. सर्वांनी ते आरंभले तर मुले पाठ सोडून पाहुण्यांकडे पाहू लागतात.

फळा पुसू नये, ही जपानी वर्गातील चाल येथे उपयोगी पडेल. उदाहरण, मुलांनी सांगितलेल्या निरनिराळ्या रीती, त्यांतील चुकलेली रीत, आणि शेवटी ठरलेली रीत ही सर्व एकाच फळ्यावर डावीकडून उजवीकडे राहिली म्हणजे ४६ हे उत्तर का आले, याचा शोध मुलेच घेऊ शकतात. फळा लहान असेल तर आखणीच्या वेळीच कागदावर त्याचे चित्र काढून जागा वाटून घ्यावी.

चर्चेत पहिला बोलण्याचा मान पाठ देणाऱ्याचा. त्याने काय योजले होते आणि कोठे निराळे घडले, हे त्याने सांगावे. नंतर निरीक्षकांनी आपल्या वाट्याच्या मुलांविषयी बोलावे, आणि ते नोंदवहीत पाहून बोलावे. 'पाठ छान झाला' या वाक्याने कोणाचेच भले होत नाही. 'तुम्ही असे करावयास हवे होते' हे वाक्यही नको, कारण टाचण चौघांचे आहे. पाठ देणाऱ्याने फक्त आपला आवाज व हात दिले. 'खिडकीजवळच्या मुलीने गठ्ठा सोडला, आठ काड्या बाजूला काढल्या, उरलेल्या दोन व आधीच्या दोन मिळून चार मोजल्या. पण वहीत उतरवताना सहाचे पाच केले नाहीत, उत्तर ४४ लिहिले,' असे कोणी सांगितले म्हणजे चर्चेला काही हाताला लागते. या मुलीच्या हाताला वजाबाकी येते, वहीत ती उतरत नाही. तर मग काड्यांवरून एकदम वहीवर जाण्याऐवजी मध्ये एक पायरी हवी होती काय? गठ्ठा सोडल्याबरोबर वहीत सहावर काट मारण्याची सूचना त्याच क्षणी द्यावयास हवी होती काय? हा प्रश्न फळ्यापुढे उभ्या असलेल्या शिक्षकाला कधीच पडला नसता, कारण त्याला फक्त ४४ दिसले असते.

अधिकाऱ्यांनी या चर्चेत सर्वांत शेवटी बोलावे. विस्तार अधिकारी वा केंद्रप्रमुख पाठास हजर असल्यास त्यांनीही दोन मुले वाटून घेऊन भिंतीलगत उभे राहावे, आणि त्या दिवशी शेरेबुक मागवू नये. ज्या पाठावरील शेरा पुढे गोपनीय अहवालात डोकावण्याची भीती आहे, तो पाठ कोणीही जोखीम घेऊन देणार नाही. बेतलेला आदर्श पाठच देईल, आणि तो गुन्हा त्याचा म्हणता येणार नाही.

वेळ कोठून आणावा, ही तक्रार रास्त आहे. माहिती भरण्याची कामे, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणूक याद्या यांतून शिक्षकाला उसंत थोडी मिळते. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत शिक्षकाचे किमान कामाचे आठवड्याचे ४५ तास सांगितले आहेत, ते पूर्वतयारीच्या तासांसह होत. अर्थात एकत्र बसून टाचण काढणे हे कामच आहे, कामातून घेतलेली सवड नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे, आणि व्याख्यान ऐकण्यापेक्षा हे तास अशा कामी लावणे केव्हाही श्रेयस्कर. शिवाय दर आठवड्याला अभ्यासपाठ कोणीच मागत नाही. एका सत्रात एक झाला तरी पुरे. आखणीची एक बैठक शिक्षण परिषदेला जोडून घ्यावी, पाठ शनिवारच्या सकाळच्या शाळेत ठेवावा, आणि मुले घरी गेल्यावर त्याच वर्गात, न पुसलेल्या फळ्यासमोर चर्चा करावी. द्विशिक्षकी शाळेतून एकाच वेळी दोघे येऊ शकणार नाहीत. एका सत्रात एकाने यावे, दुसऱ्या सत्रात दुसऱ्याने, आणि आलेल्याने टाचणाची प्रत सोबत न्यावी.

सुधारलेला पाठ दुसऱ्यांदा घ्यावयाचा तो शक्यतो वाडीतील शाळेत घ्यावा. केंद्रशाळेत दुसरीचा वर्ग स्वतंत्र असण्याचा संभव असतो. वाडीत पहिली व दुसरी एकाच खोलीत बसतात, आणि टाचणाची खरी कसोटी तेथे लागते. दुसरीची वजाबाकी चालू असता पहिलीने काय करावयाचे, याचे उत्तर केंद्रशाळेतील टाचणात नसते. एक तोड अशी निघू शकते : पहिलीच्या मुलांनी काड्या मोजून दहा-दहाचे गठ्ठे बांधावेत आणि दुसरीच्या मुलांना पुरवावेत, दुसरीच्या मुलांनी गरजेपुरता एक गठ्ठा सोडावा, आणि उत्तर मिळाल्यावर सर्व काड्या पुन्हा बांधण्यास पहिलीकडे द्याव्यात. बांधताना पहिलीचे मूल नऊवर थांबते की अकरावर जाते, हे पाहण्यासाठी एक निरीक्षक त्या बाजूला उभा करावा, आणि त्याच्या नोंदी पहिलीच्या पुढील घटकाच्या टाचणासाठी ठेवून द्याव्यात.